गळ, गांडूळ आणि बंधुप्रेम

सहकुटुंब नदीकाठी जावे, दोन दिवस मोकळ्या हवेत काढावे, पुरुषमंडळींनी ओढ्यात गळ टाकावा आणि संध्याकाळी मिळेल तो मासा चुलीवर चढवावा, अशा सहलींची वर्णने अमेरिकन वाङ्मयात विपुल आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मोठा मासा निसटतो, पाऊस गाठतो, मंडळी हसतखेळत घरी परततात. नॉर्मन मॅक्लीन यांची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' ही दीर्घकथा याच सामग्रीवर उभारलेली आहे. परंतु तीत सहल हे कुटुंबाच्या परीक्षेचे स्थळ आहे, आणि ती परीक्षा घेताना खुद्द लेखकाच्या हातून थोडा पक्षपात झाला आहे असे आम्हांस वाटते.

मॅक्लीन हे शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांचा धाकटा भाऊ पॉल याचा १९३८ मध्ये खून झाला. ही कथा ग्रंथरूपाने १९७६ मध्ये आली. तेव्हा लेखकाचे वय ७३ वर्षांचे होते. इतकी वर्षे मनात मुरलेले दुःख शब्दांत उतरले म्हणजे त्यात आक्रोश उरत नाही, हे या कथेच्या पानोपानी दिसते.

कथेतील पिता मोंटानातील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. त्याच्या घरी ईशभक्ती आणि ट्राउट मासा धरण्याची कला यांत भेद असा नव्हताच. गळाला जिवंत आमिष लावणे हे तेथे हीन. पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी पाण्यावर अलगद उतरविणे हीच खरी विद्या. पिता ती मुलांना चार मात्रांच्या तालावर शिकवितो, आणि ताल मोजण्यास घरातील पियानोवरचे मेट्रोनोम वापरतो. मासेमारी ही ज्यांच्या लेखी उपजीविका किंवा बाजाराची बाब, त्या आपल्याकडील वाचकास ही तपशीलवार चर्चा प्रथम कंटाळवाणी वाटेल. तथापि ती वगळू नये. या घरातील माणसे एकमेकांशी मनातले बोलत नाहीत. मनगटाची ही शिस्त एवढीच त्यांची देवघेव आहे.

पॉल या विद्येत थोरला भाऊच काय, पित्यासही मागे टाकतो. पण तो मद्यपी, जुगारी, कर्जात बुडालेला. थोरला त्याला मदत करू पाहतो आणि ती करता येत नाही. इथे लेखकाने दुसरा एक भाऊ आणून उभा केला आहे. तो म्हणजे नायकाच्या पत्नीचा, जेसीचा, भाऊ नील. तोही तितकाच वाया गेलेला. घरच्यांच्या आग्रहावरून त्याला मासेमारीस न्यावे लागते, आणि हा गृहस्थ कॉफीच्या डब्यात गांडुळे घेऊन येतो! पुढील खेपेस तर मद्यालयात भेटलेल्या एका बाईस बरोबर आणून तो वाळूवर विवस्त्र झोपी जातो, उन्हाने भाजून निघतो. नदीच्या पाण्यात गार होण्यास ठेवलेल्या बियरच्या बाटल्याही नाहीशा होतात. हा सारा प्रसंग कमालीचा विनोदी उतरला आहे.

आमचा आक्षेप या विनोदाच्या वाटणीविषयी आहे. पॉलचा दोष शोकात्म, नीलचा हास्यास्पद, असे का व्हावे? एकाचा हात सुंदर चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही, याखेरीज दुसरे कारण आम्हांस सापडत नाही. लेखकाची करुणा कौशल्याच्या मागे जाते. जेसीची तशी जात नाही. भाजलेल्या नीलला घरी आणल्यावर तीन स्त्रिया त्याची शुश्रूषा करतात, आणि दोन्ही तरबेज मासेमार दारात अपराध्यासारखे उभे राहतात. आपल्या भावाचे काय करावे हे जेसीलाही ठाऊक नाही. पण त्याच्यावर प्रेम करण्यास तिला त्याच्या अंगी एखादा गुण असण्याची गरज भासत नाही. हे लेखकाला दिसले आहे, नाहीतर त्याने ती पाने लिहिलीच नसती. मात्र तेथे तो थांबत नाही. लगबगीने पुन्हा नदीवर, जिथे त्याला करमते तिथे, जातो. स्त्रिया मागे राहतात.

एवढे म्हटल्यावर शेवटाचे श्रेय दिलेच पाहिजे. नदी, काळ आणि स्मृती यांविषयीचा अखेरचा परिच्छेद फार वाखाणला जातो. आम्हांस तो किंचित अलंकृत वाटतो. त्याच्या आधीचा पितापुत्रांचा संवाद मात्र असामान्य आहे. पॉल मारला गेला. हाताची हाडे जवळजवळ सारी मोडलेली होती. पिता एवढेच विचारतो, कोणता हात? उत्तर येते, उजवा. मेट्रोनोमच्या तालावर घडविलेला तो हात! आरंभीची ती शुष्क वाटणारी पाने कशासाठी होती हे तेथे एका शब्दात कळते.

रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये या कथेवरून चित्रपट काढला. त्यातील नदी रम्य आहे. चित्रपट पाहिलेल्या वाचकांनीही मूळ कथा, निदान नीलला घरी आणल्यानंतरची पाने, अवश्य वाचावीत.