‘बनवाबनवी’ आणि भाड्याची जागा

धांगडधिंग्याच्या विनोदी चित्रपटाला आपण डोकं घरी ठेवून जातो. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मीही याच तयारीने पाहिला. पुरुषांनी साड्या नेसायच्या, धडपडायचं. त्यात पाहण्यासारखं ते काय? अपेक्षेपेक्षा हसू जास्त आलं, पण मनात राहिला तो पेच.

चार तरुणांना पुण्यात जागा हवी आहे. घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा देणार ती विवाहित जोडप्यांनाच. म्हणून दोघे बायका होतात. कथानकाचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) आहे, बावीस वर्षांनीही ती अडचण प्रेक्षकाला परकी वाटली नाही. वसंत सबनीसांच्या लेखनात जवळजवळ प्रत्येक गोंधळ या एकाच अटीतून निघतो. सोंग उघडं पडलं तर फजितीबरोबर डोक्यावरचं छप्परही जाणार. म्हणूनच लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पदर सावरते तेव्हा हसता हसता धास्तीही वाटते.

बालगंधर्वांच्या भूमिकेत पुरुष विसरला जाणं हे यश होतं. इथे तो विसरला गेला तर विनोदच संपतो. या उलट्या नात्याचा अभ्यास व्हायला हवा.

चित्रपट निर्दोष नाही. डोहाळजेवणापर्यंत ताणलेला विनोद बाईपणाचीच थट्टा करू लागतो. पण हा दोष दिसायलाही चित्रपट नीट पाहावा लागतो. कमी अपेक्षा ठेवणाऱ्याच्या नजरेतून गुण आणि दोष दोन्ही सुटतात. प्रहसनाला आधी एवढंच विचारावं: फसगत झाली, तर पात्रांचं काय जाणार आहे?