वेगाला ओढणारी चांदणी

‘टायटनफॉल २’ या खेळातला पायलट जमिनीला फारसा टेकतच नाही. भिंतीवरून धावायचं, हवेतच दुसरी उडी घ्यायची, घसरत खाली यायचं आणि कमावलेला वेग न सांडता पुढची भिंत गाठायची. थांबला तो संपला. अशा खेळात रिस्पॉन एंटरटेनमेंटच्या मंडळींनी ‘ग्रॅव्हिटी स्टार’ म्हणजे गुरुत्वाची चांदणी ठेवावी, यात त्यांची खरी चलाखी आहे.

दिसायला ती निंजाची फेकायची चकती. भिंतीत रुतली की तिच्याभोवती गुरुत्वाचा भोवरा उठतो. आसपासचे शत्रू, हवेतले हातबॉम्ब, सावकाश जाणाऱ्या गोळ्या, सगळ्यांची वाट तिच्याकडे वळते. मग स्फोट. पण स्फोट तर कुठल्याही हातबॉम्बचा होतो. इथे मजा त्याआधीच्या क्षणांत आहे. भरधाव आलेला पायलट अजून जिवंत असतो, बंदूक हातात असते, बटणं दाबली जात असतात. फक्त जायचं कुठे हे आता त्याच्या हाती उरलेलं नसतं. ज्या वेगावर त्याची सगळी मिजास, तोच त्याच्याकडून काढून घेतला जातो. नुसतं मारण्यापेक्षा हे जास्त क्रूर आहे, आणि म्हणून जास्त देखणंही.

भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी मात्र इथे डोळे मिटावेत. न्यूटनच्या गुरुत्वाला कड नसते. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, पण संपत नाही. चांदणीच्या ओढीला हद्द आहे आणि मुदतही. ही हद्द नि मुदत नसती तर मैदानात खेळ उरलाच नसता.

खेळाडूंनी तिचा आणखी एक गुण हेरला. ही ओढ फेकणाऱ्यालाही लागते. मग आपल्याच वाटेवर चांदणी फेकायची, तिच्या ओढीत शिरायचं आणि वाढलेल्या वेगानिशी पार निघून जायचं. झेंडा पळवण्याच्या सामन्यात ही युक्ती फार कामाची. शत्रूचा वेग खाणारं हत्यार आपल्याला वेग देतं!

हा खेळ व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनावर, त्यात बरेच बदल करून उभा आहे. त्याच इंजिनावरच्या ‘हाफ-लाइफ २’मध्ये २००४ साली ग्रॅव्हिटी गन आली होती. तिथे ओढ खेळाडूच्या मुठीत राहते: हवं ते उचला, हवं तिथे भिरकवा. चांदणी एकदा हातून सुटली की मालकाचंही ऐकत नाही.

२०१६च्या ऑक्टोबरात ‘बॅटलफील्ड १’ आणि नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ यांच्या मधोमध हा खेळ बाजारात आला आणि चेंगरला. पुढे याच विश्वातल्या ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये होरायझन ही शास्त्रज्ञ कृष्णविवर घेऊन आली. ते भव्य आहे, पण ते निर्माण करणारं यंत्र शत्रूला गोळ्या झाडून फोडता येतं. मला ती छोटी, मुकाट रुतणारी चकतीच जास्त आवडते.