‘स्वच्छतागृह’ : एका शब्दाची परीक्षा

सार्वजनिक शौचकूपावर ‘स्वच्छतागृह’ अशी पाटी लावण्याची जी रीत आतां रूढ झाली आहे, तिच्याविषयीं थोडें बोलणें सभ्यतेस सोडून होईल असें आम्हांस वाटत नाहीं. शब्दाची घडण निर्दोष आहे. दोष आहे तो त्याच्या हेतूंत.

ह्या विधीचे मराठींतील जुने शब्द बहुधा दिशा दाखवितात : ‘परसाकडे’, ‘बाहेर’, ‘बहिर्दिशेस’. ज्यास परस आहे, गांवाबाहेर मोकळें रान आहे, अशा समाजाची ही भाषा. वाड्यांत जागा नेमली गेली तेव्हां फारसींतून ‘शेतखाना’ आला. त्यांतील ‘शेत’ आमचें धान्याचें नव्हे. तो ‘सेहत’, म्हणजे आरोग्य, ह्या शब्दाचा अपभ्रंश. आरोग्याचें घर! ‘स्वच्छतागृह’ बनविणारांनीं तीच युक्ति संस्कृतांत उतरविली, इतकेंच. जुना शब्द वासानें बाटला कीं नवा काढावयाचा, स्थळ मात्र होतें तसेंच. ‘संडास’ ओबडधोबड खरा, परंतु तो कोणास फसवीत नाहीं.

ज्या वस्तीस परसच नाहीं तिची गोष्ट पाहावी. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणींत १९४७ नंतर सिंधी निर्वासित उतरले. १९४९ मध्यें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकींत राहणारानें ‘परसाकडे’ जावें तरी कोठें? शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरांतील चाळींचीही तीच कथा. अशा नगरांत शब्द कसोटीस लागतो तो रस्त्यावर आणि स्थानकावर.

‘मुतारी’ हा स्पष्ट शब्द. पण मुतारी म्हटली कीं ती पुरुषांची, हें निराळें सांगावें लागत नाहीं. स्त्रियांच्या सोयीस तितका रोकडा शब्द रुळलाच नाहीं. कारण उघड आहे : सोयच नव्हती. २०११ मध्यें मुंबईंत स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठीं चळवळ उभी राहिली, तिला नांव मिळालें तें इंग्रजी : ‘राइट टु पी’. पुरुषास फुकट आणि स्त्रीस पैसे, ही तिची एक तक्रार. बदलापुराहून मुंबईस नोकरीस निघालेली मुलगी वाटेंत अडचण नको म्हणून पाणी पीत नाहीं, तर तें झांकणारा शब्द सभ्य कसा?

‘सुलभ’ची गोष्ट निराळी. बिंदेश्वर पाठक ह्यांनीं १९७० मध्यें स्थापिलेल्या संस्थेचें तें नांव. आज लोक ‘येथें सुलभ कोठें आहे?’ असें सहज विचारतात. विशेषणाचें हें नाम कोणा परिभाषा-समितीनें केलेलें नाहीं. आणि तें विचारतांना स्त्रियाही लाजत नाहींत.