यंत्र वाचते, मूल वाचते काय?

शाळेत नवे साधन आले की त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते आणि देणाऱ्याचे नाव भिंतीवर लागते. त्या साधनाचे परीक्षण मात्र सहसा होत नाही. मुलांच्या पुस्तकांची चिकित्सा आपण करतो. मग त्यांच्यापुढे ठेवलेल्या पडद्याची का करू नये?

निघोजे हे खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. चाकणच्या औद्योगिक वसाहतीने त्याचे रूप पार पालटले. मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबे या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून राहतात. कारखान्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या आईबापांना मुलाजवळ बसून वाचायला उसंत नसते. वाचनाची सोबत घरी नसलेल्या अशा मुलांसाठी बोलका पडदा हे वरदान वाटावे, यात नवल नाही.

या परिसरातील एका दुसरीच्या वर्गात मी मागे बसलो होतो. पडद्यावर किड्याचे चित्र आले, खाली शब्द उमटला आणि यंत्राने तो उच्चारला. सारा वर्ग एका सुरात 'किडा' म्हणाला. मग बाईंनी आवाज बंद केला, चित्रावर पुठ्ठा धरला आणि शेवटच्या रांगेतील एका मुलीला तोच शब्द वाचायला सांगितला. मुलगी गप्प राहिली. इतके दिवस ती चित्र वाचत होती, अक्षर नव्हे. पुठ्ठा मध्ये आला नसता, तर हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

दोष त्या मुलीचा नाही. 'कि'मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानांना मात्र नंतर ऐकू येते. हा उलटा क्रम पाहून उमगत नाही. तो गिरवावा लागतो, चुकावा लागतो आणि पुन्हा गिरवावा लागतो. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' लिहायला एकच, उच्चाराला निराळा. 'जग' म्हणजे विश्व, तेव्हा 'ज' एक. 'जग' ही जगण्याची आज्ञा, तेव्हा दुसरा. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला हा भेद कोणीतरी त्याच्या तोंडाकडे पाहून शिकवावा लागतो.

यंत्रे निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. 2020 साली गूगलचे 'रीड अलाँग' हे ॲप मराठीसह नऊ भाषांत आले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि मूल अडले तर तो शब्द उच्चारून दाखवते. बुजऱ्या मुलाला न हसता ऐकून घेणारा कान मिळावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अक्षरे जुळवू लागलेल्या मुलालाच ही सोय खरी लाभते. ज्याला पहिलेच अक्षर उमगलेले नाही, ते मूल यंत्रामागोमाग शब्द म्हणत राहते.

ही केवळ माझी समजूत नव्हे. 'प्रथम' संस्थेच्या इंग्रजी शिक्षणाच्या प्रयोगात 'पिकटॉक' नावाचे यंत्र महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत वापरले गेले. चित्रावर लेखणी टेकवली की ते शब्द उच्चारी. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने शिकणारे वर्ग आणि शिक्षकांनी घेतलेल्या उपक्रमांनी शिकणारे वर्ग यांची प्रगती सरासरीने जवळजवळ सारखी दिसली. फरक आत होता. हुशार मुलांना यंत्राचा अधिक लाभ झाला, कच्च्या मुलांना शिक्षकांच्या उपक्रमांचा. सरासरीवर समाधान मानणाऱ्याला शेवटची रांग दिसत नाही, ती अशी.

मुंबई आणि वडोदरा येथील 'बालसखी' प्रयोगाचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. वस्तीतीलच एक तरुण मुलगी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवी. सर्वांत अधिक प्रगती सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. त्याच अभ्यासात वडोदऱ्यात संगणकावरील खेळांनी गणिताचे गुण वाढलेले दिसले. संगणकाची ही कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. मात्र वर्षभरानंतर त्या वाढीचा काही भागच टिकून होता.

म्हणून शाळेला पडदा देणाऱ्यांनी आणि तो स्वीकारणाऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. चित्र झाकल्यावर मूल वाचते काय? पडद्यावर कधी न आलेला शब्द त्याला वाचता येतो काय? महिन्याभराने ते कौशल्य टिकते काय? आणि वर्गातील सर्वांत मागे असलेल्या मुलाचे काय झाले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बाकीच्या तिन्हींची उत्तरे मला अपुरी वाटतात. अशा वेळी पुढच्या पडद्याचा पैसा त्या मुलाशेजारी बसणाऱ्या एखाद्या बालसखीसाठी खर्चावा. तिचे नाव भिंतीवर लागणार नाही, हे खरे. परंतु शेवटच्या रांगेतील ती मुलगी 'किडा' हा शब्द चित्रावाचून वाचील.