दर्शनी भिंतीपाशी थबकलेली नजर

फिलिपिन्सच्या जुन्या वास्तूंवरच्या लेखनात हल्ली एक तक्ता हटकून भेटतो. एका बाजूला रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश. दुसऱ्या बाजूला समतोल, लय, प्रमाण, एकसंधता. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्यांना तो तोंडपाठ असतो. मग मियागावच्या चर्चला पोत, पावायच्या चर्चला लय, विगानच्या घरांना समतोल अशी वाटणी होते. सगळ्या वास्तू पास होतात आणि एकही कळत नाही.

‘बाहाय ना बातो’ म्हणजे खाली दगड आणि वर लाकूड. तक्तेवाले लिहितात: जड तळ, हलका माथा, म्हणून समतोल; खिडक्यांतल्या शिंपल्यांच्या चौकोनांची रांग, म्हणून लय. पण छपराचा भार त्या दगडावर नसतोच! तो असतो जमिनीपासून थेट वर गेलेल्या लाकडी खांबांवर. दगड त्यांना नुसता नेसवलेला असतो. धरणीकंपात सांगाडा डुलतो आणि भिंत ढासळली तरी छप्पर तगू शकते. 1645च्या भूकंपाने मनिलाची भारी दगडी घरे पाडल्यावर ही मिश्र बांधणी रुळली; 1880च्या भूकंपानंतर जड कौलेही गेली, पत्रा आला. डोळ्यांना दिसणारा समतोल आणि घराला उभे ठेवणारा समतोल इथे एकमेकांच्या उलट आहेत. हे कळायला दर्शनी भिंत नव्हे, घराचा उभा छेद पाहावा लागतो.

खिडक्यांची लय म्हणतात तीही मुळात खांबांमधल्या खणांची. तावदाने खाचेतून सरकवली की वरच्या मजल्याची जवळजवळ अख्खी भिंत उघडते. मिटलेली असली तरी खालच्या ‘व्हेंतानिया’ या छोट्या खिडकीतून वारा जमिनीलगत आत येतो. शिंपल्यांची तावदाने आपल्याला गोव्यामुळे परिचयाची, पण तिथे ती जांभ्याच्या जाड, भार पेलणाऱ्या भिंतीतल्या खिडकीत बसतात. तक्त्यात दोन्हींना एकच ‘पोत’. फर्नांडो झियाल्सिता आणि मार्टिन टिनियो यांच्या 1980च्या पुस्तकाने ही घरे हवामान, भूकंप आणि राहणाऱ्यांचे रिवाज यांच्या अंगाने पाहिली होती. चार दशकांनंतर आपण पुन्हा चौकोन मोजत बसलो आहोत.

मारानाव सरदारांच्या ‘तोरोगान’ या घरांचे तेच. ‘पानोलोंग’वरच्या नक्षीवर पानेच्या पाने खर्ची पडतात; पण ती नक्षी जमीन पेलणाऱ्या तुळयांच्या पुढे आलेल्या टोकांवर आहे, आणि खालचे प्रचंड खांब जमिनीत न पुरता दगडांवर नुसते टेकवलेले आहेत, भूकंपात घर हलावे म्हणून, हे कुठेतरी तळटीपेत. पावायच्या चर्चच्या अवाढव्य आधारभिंती ‘पुनरावृत्ती’ नावाच्या तत्त्वाने आलेल्या नाहीत. घंटामनोरा चर्चपासून दूर उभा आहे तो रचनेत अवकाश सोडायचा म्हणून नव्हे. भूकंपात कोसळला तर चर्चवर कोसळू नये म्हणून.

 अमेरिकी अमदानीतल्या खांबवाल्या सरकारी इमारतींना मात्र हा तक्ता शोभतो. त्या दर्शनासाठीच बांधल्या होत्या.

हे केवळ शाळकरी लेखनापुरते असते तर मी लेखणी उचलली नसती. पण याच नजरेतून जतनाचे निर्णय होतात. बातानमधल्या बागाकला समुद्राकाठी जुनी घरे सुटी करून आणून पुन्हा उभारली आहेत. 2010 पासून ती जागा पर्यटनस्थळ आहे. बिनोंडोच्या गजबजाटातली ‘कासा बिझांतिना’ तिथे नेली गेली. नाहीतर घर पडलेच असते, असे सांगतात. पडलेही असते कदाचित. मग तो प्रश्न मनिलाच्या जमिनीच्या भावाचा, मालकांचा आणि महापालिकेचा होता, आणि तो तिथेच लढायचा होता. घर हलवून तो सुटला नाही, फक्त नजरेआड झाला. तळमजल्यावर गाडी आणि माल, वर कुटुंब, खाली वाहता रस्ता, या व्यवहारासाठी तो तळमजला आणि त्या खिडक्या होत्या. रस्ता काढून घेतला, आणि तक्त्यातला एकही रकाना रिकामा झाला नाही! रेषा आहे, पोत आहे, लय आहे. खरे घर आणि सिमेंटवर चौकोन चिकटवलेले नवे हॉटेल, दोघांना सारखेच गुण देणारी ही मोजपट्टी वास्तुकलेच्या वर्गात कशासाठी ठेवायची, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे. आणि सांगताना एका तरी घराचा छेद काढून दाखवावा.