डॅनियल ब्लेक सहा वर्षांनी मोठा असता तर

केन लोचचा 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) तुम्ही पाहिला असेल, तर फूड बँकेतला प्रसंग विसरला नसाल. भुकेने कासावीस झालेली केटी डबा उघडते आणि तिथेच उभ्या उभ्या हाताने खायला लागते. मला तो प्रसंग आजही सलग बघवत नाही.

तरी एक तक्रार आहे. सिनेमाचा सगळा राग टेबलापलीकडच्या माणसांवर निघतो: फॉर्म, फोनवर ताटकळणं, भत्ता तोडणं. ज्याला चेहराच नाही ते पडद्यावर येत नाही. एप्रिल २०१६ पासून चार वर्षं कामाच्या वयातल्या लोकांचे बहुतेक भत्ते गोठवलेले होते. कोणी अपमान केला नाही, नुसता आकडा हलला नाही. (सिनेमा बनला तेव्हा यातलं बरंचसं घडायचं होतं, हे मान्य.)

डॅनियल ५९ वर्षांचा. पुरुषांचं पेन्शनचं वय तेव्हा ६५. सहा वर्षांनी मोठा असता तर तो 'ट्रिपल लॉक'मध्ये आला असता: महागाई, पगारवाढ किंवा २.५ टक्के, यातलं जास्त असेल तेवढी वाढ. एप्रिल २०१७ मध्ये पेन्शन २.५ टक्क्यांनी वाढलं, गोठवलेले भत्ते शून्य. पाव मात्र दोघांना एकाच भावात.

आणि तुम्ही इथे आयुष्यभर राबून पुण्याला परत जायचं म्हणत असाल, तर ऐका: भारतात राहणाऱ्यांचं ब्रिटिश सरकारी पेन्शन वाढतच नाही. अमेरिकेत वाढतं, मॉरिशसमध्येही वाढतं. यावर सिनेमा कोण काढणार?