पत्र्यावरचा बोका

मराठवाड्यातल्या माणसाला पत्र्याचं कौतुक कुणी सांगू नये. परभणीत पत्रा डोक्यावर असतो आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे सरकला, की तो कुणालाही स्वतःला विसरू देत नाही. तोच पत्रा हल्ली दिवाणखान्यात भिंतीवर चढला आहे. तोही रोख पैसे मोजून.

आमच्या शेजारच्या नानांनी असा एक पत्रा आणलाय. वहीएवढा आकार, चार कोपऱ्यांना चार भोकं, मधोमध एक काळा बोका आणि शेजारी फ्रेंच मजकूर. काकू रोज विचारतात, "अहो, पण हे मांजर म्हणतंय काय?"

सांगतो. पॅरिसमध्ये 'ल शा न्वार', म्हणजे काळा बोका, नावाचं एक कॅबरे होतं. त्यांचा फड दौऱ्यावर निघणार होता. त्याची ही जाहिरात स्टाइनलेन नावाच्या चित्रकारानं १८९६ साली केली. मजकूर एवढाच, की लवकरच येत आहे! पुढच्याच वर्षी मालक वारला, कॅबरे बंद पडलं. बोका मात्र सव्वाशे वर्षं 'लवकरच येत आहे' सांगतोच आहे. परभणीकरांना हे वाक्य ऐकायची सवय असल्यामुळे तो इथं रुळला.

माझी तक्रार बोक्याबद्दल नाही, पत्र्याबद्दल आहे. मूळ चित्र चार फुटांहून उंच. रस्त्यापलीकडून दिसावं म्हणून सपाट रंग आणि ठसठशीत आकार. वहीएवढ्या पत्र्यावर त्या बोक्याचा उंदीर झालाय. शिवाय कोपऱ्यांवर गंज आहे. चढलेला नव्हे, छापलेला! अहो, मूळ चित्र कागदावरचं. कागदाला वाळवी लागेल, गाय खाईल. गंज कुठून येणार? जुन्या इनॅमलच्या पाट्यांना गंज शोभायचा, कारण ढलपा उडाल्यावर तो त्यांनी ऊनपावसात कमावलेला असे.

आणि कडा कापताना चित्रकाराची सहीच उडाली आहे. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी हा दुवा ध्यानात ठेवावा! एकेका रंगाला वेगळा दगड वापरून छापलेली तिथली लक्ष्मी-सरस्वती साध्यासुध्या घरांत पोचली. कागद स्वस्तच होता, पण चित्र रविवर्म्याचं आहे, हे लोकांना ठाऊक होतं. नानांच्या बोक्याला बापाचं नावच उरलेलं नाही.

भिंतीवर पत्राच हवा असेल, तर आमच्या गल्लीत एक पेंटर आहे. फ्लेक्स आल्यापासून त्याचा कुंचला बहुतेक डब्यातच असतो. त्याच्याकडून बोका काढून घ्या, बैल काढून घ्या. खाली त्याची सही मात्र मागून घ्या. गंजाची घाई नको. तो लवकरच येत आहे.